कृष्णेचा वाटा आणि कुंडलिकेचे पाणी

नदीच्या पाण्याचे शेजारी राज्यांत न्याय्य वाटप कसे करावे, हा प्रश्न निघाला की सामान्यतः सीमेवरील एखादे मोठे धरण डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु त्या प्रश्नाचे खरे स्वरूप जाणून घ्यावयाचे असेल, तर कोणत्याही राज्यसीमेपासून पुष्कळ दूर असलेल्या, रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील खांब या गावापासून आरंभ करणे उपयुक्त ठरेल.

खांब हे मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे व कोलाड यांच्या दरम्यान वसलेले आहे. पावसाळ्यात येथे पाण्याला तोटा नसतो. परंतु कोकणातील नद्या आखूड व तीव्र उताराच्या असल्याने दिवाळी उलटली की त्यांचे पात्र आटू लागते. कुंडलिका नदी याला अपवाद होय. ती भर वैशाखातही वाहते, आणि कोलाडजवळील डोलवहाळ बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्यांच्या आधारे या परिसरात उन्हाळी भात पिकतो. कुंडलिकेच्या या उन्हाळी प्रवाहाचे कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यातील आहे.

पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. निसर्गक्रमाने मुळेचे पाणी पुण्यास मुठेस मिळावयाचे, तेथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेर पूर्व समुद्रात जावयाचे. टाटा कंपनीने मात्र ते अडवून बोगद्यातून व नळांतून घाटाखाली भिरा येथे सोडले. सुमारे 500 मीटर उंचीवरून पडणाऱ्या या पाण्यावर 1927 मध्ये तेथे वीज निर्माण होऊ लागली. तत्पूर्वी याच पद्धतीने खोपोली व भिवपुरी येथील वीजगृहे उभी राहिली होती. भिऱ्याच्या चक्रांतून बाहेर पडलेले पाणी कुंडलिकेस मिळाले, आणि तिच्या काठची शेती, गावे व पुढे रोह्याचे कारखाने यांचे जीवन हळूहळू त्यावर बेतले गेले. या धरणासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली 1921 ते 1924 या काळात सत्याग्रह केला होता, हेही येथे स्मरले पाहिजे.

आता प्रश्न असा की, पूर्वेस वाहणारे पाणी पश्चिमेस नेण्याचा अधिकार वरच्या राज्यास आहे काय? उगम आमच्या भूमीत, म्हणून पाणी आमचे, असे वरचे राज्य म्हणू शकते. नैसर्गिक प्रवाह अबाधित राहिला पाहिजे, असे खालचे राज्य म्हणू शकते. या दोन्ही टोकांच्या भूमिका आधुनिक विधिविचाराने त्याज्य मानल्या आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1907 मध्ये कॅन्सस व कोलोरॅडो या राज्यांच्या वादात समन्यायी वाटपाचे तत्त्व मांडले, आणि 1966 च्या हेलसिंकी नियमांनीही खोऱ्यातील प्रत्येक राष्ट्रास वाजवी व न्याय्य वाटा मिळावा, असे प्रतिपादिले. वाजवी काय, हे मात्र कोणत्याही एका सूत्राने ठरत नाही. लोकसंख्या, पर्जन्यमान, चालू वापर, पर्यायी साधने अशा अनेक गोष्टी एकत्र तोलाव्या लागतात.

आपल्या देशात 1956 च्या आंतरराज्य जलविवाद कायद्यान्वये कृष्णेचा वाद 1969 मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाकडे गेला. लवादाने 1973 मध्ये निर्णय व 1976 मध्ये पुढील अहवाल दिला. दर चार वर्षांपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असा कृष्णेचा प्रवाह 2,060 अब्ज घनफूट धरण्यात आला. त्यातून महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700 व आंध्र प्रदेशास 800 अब्ज घनफूट पाणी देण्यात आले. सिंचनातून झिरपून नदीत परत येणाऱ्या पाण्याचा हिशेब याहून वेगळा होता.

पाणी खोऱ्याबाहेर नेणे मुळातच बेकायदेशीर आहे, हे मत लवादाने स्वीकारले नाही. तथापि त्याने या वापरास मर्यादा घातली. टाटा धरणांतून पश्चिमेस जाणारे पाणी कोणत्याही एका वर्षी 54.5 अब्ज घनफुटांहून आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून 212 अब्ज घनफुटांहून अधिक असू नये, असे ठरले. या दुहेरी मर्यादेतील मर्म पाहण्यासारखे आहे. पाच वर्षांची सरासरी काढली तर ती 42.4 अब्ज घनफूट येते. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी अधिक पाणी घेण्याची मुभा आहे, परंतु त्याची भरपाई इतर वर्षी कमी घेऊन केली पाहिजे. पाऊस लहरी असला तरी वाटप स्थिर ठेवण्याची ही युक्ती होय.

हे पाणी महाराष्ट्राच्या 560 मधूनच वजा होते, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. सरासरीने पाहता ते राज्याच्या वाट्याच्या सुमारे साडेसात टक्के भरते. म्हणून आंतरराज्य वाद निकालात निघाला, तरी तोच वाद राज्याच्या अंतर्भागात शिल्लक राहतो. भीमेच्या खोऱ्यात पुणे, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांचा अवर्षणप्रवण प्रदेश येतो. घाटमाथ्यावरचे पाणी विजेसाठी खाली न सोडता पूर्वेस द्यावे, ही तेथील मागणी अवाजवी म्हणता येत नाही. वीज अन्य मार्गांनी निर्माण करता येते. पिकास पाण्यावाचून दुसरा पर्याय नाही.

परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की पश्चिमेस गेलेले पाणी केवळ विजेसाठी खर्च होते. वास्तविक वीजगृह पाण्यातील उंचीची शक्ती तेवढी घेते. पाणी तेथे खर्च होत नाही. भीमेच्या हिशेबी जे संपूर्ण वजा झाले, ते कुंडलिकेच्या हिशेबी संपूर्ण जमा झाले. लवादापुढे पक्षकार होती ती राज्ये, आणि विचार होता तो कृष्णेच्या खोऱ्याचा. खांबचा शेतकरी त्या खोऱ्यात राहत नाही. किती पाणी घाट उतरू शकेल याची कमाल मर्यादा निवाड्याने सांगितली. किमान किती उतरलेच पाहिजे, हे सांगितले नाही. ज्या पाण्यावर या परिसराचे दुसरे पीक उभे आहे, त्यावर त्याचा हक्क आंतरराज्य निवाड्यात कोठेही नोंदलेला नाही.

न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखाली 2004 मध्ये नेमलेल्या दुसऱ्या लवादाने 2010 व 2013 मध्ये अहवाल दिले. 2014 मध्ये तेलंगण हे नवे राज्य झाल्याने वाटपाचा प्रश्न पुन्हा नव्याने मांडला गेला. पक्षकार वाढले की प्रत्येक राज्यास आपल्या प्रत्येक वापराचे समर्थन करावे लागते. अशा वेळी महाराष्ट्राने पश्चिमेकडील पाण्याची नोंद केवळ वीजनिर्मिती या सदराखाली केली, तर ते पाणी सर्वांत प्रथम सोडून देण्याजोगे ठरेल.

यावरून निष्पन्न होणारी गोष्ट इतकीच की, न्याय्य वाटपाचा आरंभ भागाकाराने होत नाही. अवलंबून असणाऱ्या सर्वांची गणना प्रथम व्हावी लागते. मुळशीच्या शेतकऱ्यांना 1921 साली कोणी गणले नाही. भीमाकाठच्या दुष्काळी गावाची निकड कदाचित खांबच्या उन्हाळी भाताहून अधिक ठरेल, आणि मग काही पाणी पूर्वेस द्यावेही लागेल. परंतु तो निर्णय दोन्ही बाजूंचे पीक, पिण्याचे पाणी व पर्यायी साधने एकाच तराजूत तोलून झाला पाहिजे. कोकणात पाऊस उदंड पडतो. तो साठविण्याची सोय आधी करून मग घाटावरील पाणी कमी करणे, हा क्रम न्यायाचा होईल. आधी पाणी तोडून मागाहून सोय पाहणे म्हणजे शतकापूर्वीची चूक घाटाच्या दुसऱ्या बाजूस पुन्हा करणे होय.