ट्रकची टेस्ट: आठचा आकडा जमतो, चढ घात करतो

मागच्या भागानंतर शहाद्याच्या एका ऐकणाऱ्याचा व्हॉइस मेसेज आला. "भाऊ, पिकअप दोन वर्षं चालवतोय. आता उसाच्या सीझनला दहा टायरी ट्रकवर बसायचंय. टेस्टला काय विचारतात?" त्याचंच उत्तर आज, लिहूनही देतोय, कारण डाउनलोड करायला सगळीकडे रेंज नसते. धडगावकरांना माहितीय!

आधी एक गैरसमज. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरल्या गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल, तर साध्या कारच्या लायसन्सवरही ती मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप चालतं. पण या निकालाचा व्हिडिओ पाहून कुणी दहा टायरी घेऊन निघालं, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्स बघणार. ट्रकला ट्रान्सपोर्टचंच लायसन्स लागतं.

त्यासाठी वय किमान २० आणि हलक्या गाडीचं पक्कं लायसन्स एक वर्ष जुनं हवं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांनी मागे राहायचं कारण नाही. डॉक्टरचं फॉर्म १-अ, ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५, अर्ज सारथी पोर्टलवर. कच्चं लायसन्स निघाल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि ते सहा महिने चालतं, त्या आत टेस्ट द्यायची. कागदांचं एवढंच. एजंट म्हणेल "तू फक्त सही कर", पण ट्रक त्याला चालवायचा नाहीये, तुम्हाला चालवायचाय.

आता टेस्ट. पोरं मेहनत करतात ती आठच्या आकड्यावर. पण नियमात बरंच काही आहे: निघण्याआधी आरसे बघणं, हाताने आणि इंडिकेटरने इशारा देणं, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, अचानक थांबणं, आणि चढावर थांबून गाडी मागे न जाता पुन्हा काढणं. माझ्या मोठ्या भावाने पहिली टेस्ट घालवली ती आरशामुळे. गाडी झकास चालवली, पण निघताना डावीकडे बघितलंच नाही. साहेबांनी तिथेच खाली उतरवलं. घरी आल्यावर त्याने टेस्टला आणलेल्या ट्रकला शिव्या दिल्या, हे वेगळं.

खरी परीक्षा चढाची. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळू सोडा. इंजिनचा आवाज जड झाला की गाडी पुढे जायला बघतेय, तेव्हाच हँडब्रेक सोडा. आधी सोडला तर गाडी मागे येणार, आणि मागे कोण उभं असेल सांगता येत नाही. रिकाम्या ट्रकवर जमलं म्हणून खूश होऊ नका. मिरचीची पोती भरली की क्लचचा अंदाज पार बदलतो.

एअर ब्रेकच्या गाडीत अजून एक गोष्ट. स्टार्टर मारला की लगेच निघायचं नाही. प्रेशरचा काटा वर येऊ द्या, बझर बंद होऊ द्या. घाई केलेली समोरच्याला लगेच कळते.

उतार टेस्टला कमी असतो, पण आपल्याकडे रोजचा आहे. नवापूरवरून साक्रीकडे कोंडाईबारी, पिंपळनेरकडे चरणमाळ, तळोद्यावरून धडगावला चांदसैली. जुने ड्रायव्हर सांगतात ते बरोबर आहे: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. सारखा पाय ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात आणि पकड कमी होते. न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे बरेच भेटतात. नव्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय काढला की डिझेल जवळजवळ जातच नाही. म्हणजे वाचतं काहीच नाही, इंजिनाचा रोध मात्र जातो. आणि अरुंद घाटात वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे, उपकार नाही.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या टेस्टनंतर ६० दिवस थांबावं लागतं. त्यामुळे "बघू काय होतं" म्हणून जाऊ नका, ऊस तोवर तोडून संपेल. पास झालात की लायसन्स पाच वर्षांचं.

शहाद्याच्या भाऊ, शनिवारी गाडी भरलेली मिळाली तर कुठल्याही चढावर, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी उस्ताद बसवून, दहा वेळा थांबवून काढा. किती वेळा मागे आली, ते मेसेज करा.