पाहुणा खेळाडू आणि रिकामी जागा : विदर्भाच्या रणजी संघरचनेविषयीच्या वादाचे स्वरूप

प्रस्तावना :

वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी हे गाव अभ्यासकांना परिचित आहे ते विनोबा भावे यांच्या वास्तव्यामुळे आणि गोपाळराव वाळुंजकर यांनी तेथे चालविलेल्या चर्मालयामुळे. गावाची गरज गावातच भागविली जावी, हा ग्रामोद्योगाचा आग्रह या परिसराने 1930 च्या दशकात प्रत्यक्ष कृतीत उतरविला. याच परिसरात, आणि खरे तर विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत, पावसाळा सरता सरता आज एक निराळा वाद रंगतो. यंदा विदर्भाच्या रणजी संघात बाहेरून कोण येणार, आपल्यातून कोण जाणार आणि मधल्या फळीतील रिकामी जागा कोण भरणार, हा त्या वादाचा विषय असतो. 'आपले पोट्टे असताना बाहेरचा कशाला ?' हा एक पक्ष. 'करंडक हवा असेल तर अनुभव आणावाच लागेल' हा दुसरा. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्यांश आहे. मात्र ज्या नियमांच्या आणि गुणपद्धतीच्या चौकटीत हे निर्णय घेतले जातात, ती चौकट या चर्चेत बहुधा अनुपस्थित असते. प्रस्तुत लेखात ती चौकट स्पष्ट करून गेल्या दशकभरातील विदर्भाच्या संघरचनेचे विवेचन केले आहे.

बिगरहंगामी चर्चेची परंपरा :

हंगाम संपल्यानंतर संघबांधणीवर वाद घालणे हे केवळ आपल्याकडचे वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम शरद ऋतूत संपतो आणि हिवाळाभर चाहते खेळाडूंच्या देवघेवीवर बोलत राहतात. शेगडीभोवती बसून चालणाऱ्या गप्पा म्हणून तेथे त्या चर्चेला 'हॉट स्टोव्ह' असे नावच पडले आहे. मैदानाच्या दूरच्या भागातील डावा, मध्य आणि उजवा अशा तीन क्षेत्ररक्षकांच्या जागा हा त्या वादातील एक जुना विषय आहे, कारण या जागांवरील खेळाडूकडून क्षेत्ररक्षणाइतकीच, पुष्कळदा त्याहून अधिक, फलंदाजीची अपेक्षा असते. जागा क्षेत्ररक्षणाची दिसते, उणीव मात्र फलंदाजीची असते.

या तुलनेत एक कायदेशीर बाजूही आहे आणि ती लक्षात घेण्यासारखी आहे. 1969 मध्ये सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड या आपल्या मध्य क्षेत्ररक्षकाला त्याची संमती न घेता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. फ्लडने हा व्यवहार नाकारला आणि न्यायालयात धाव घेतली. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न विझला नाही आणि 1975 च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयामुळे करार संपलेल्या खेळाडूंना आपला संघ निवडण्याची वाट खुली झाली. तेथे संघ खेळाडूला न विचारता पाठवू शकत होता. भारतीय देशांतर्गत क्रिकेटमध्ये स्थिती जवळजवळ उलटी आहे. येथे राज्य संघटना खेळाडूची अदलाबदल करीत नाही. जायचे की नाही हे खेळाडू ठरवितो, मात्र त्यासाठी त्याला मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते.

'पाहुणा' म्हणजे कोण ?

रणजी करंडकात प्रत्येक संघटनेचे खेळाडू सामान्यतः तिच्या क्षेत्राशी संबंध असलेले असतात. त्याखेरीज बाहेरच्या संघटनेतून मानधनावर येणाऱ्यास 'व्यावसायिक' किंवा बोलीभाषेत 'पाहुणा' खेळाडू म्हणतात. अशा खेळाडूंची संख्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने तीनवर मर्यादित केली आहे. म्हणजे तिन्ही पाहुणे खेळले तरी अकरांपैकी आठ जागा घरच्यांच्याच राहतात. नाक्यावरच्या चर्चेत 'सगळा संघ बाहेरचा' असे जे म्हटले जाते, ते या साध्या वजाबाकीपुढे टिकत नाही.

महाराष्ट्र राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन स्वतंत्र रणजी संघ आहेत, ही गोष्टही येथे महत्त्वाची ठरते. विदर्भाचा संघ 1957-58 च्या हंगामापासून या स्पर्धेत उतरतो. दीर्घकाळ प्रवाह बाहेरच्या दिशेने होता. भारताकडून 4 एकदिवसीय सामने खेळलेला नागपूरचा वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य बंगालकडूनही रणजी खेळला. विदर्भाचा पहिला कसोटीपटू होण्याचा मान मिळाला तो थेट नोव्हेंबर 2011 मध्ये, कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा असलेल्या उमेश यादवला. तेव्हा पाहुणा आणणारा विदर्भ ही अलीकडची गोष्ट आहे. खेळाडू गमावणारा विदर्भ तिच्यापेक्षा जुना आहे.

फलंदाजच का आणले गेले ?

2014-15 च्या हंगामात तमिळनाडूचा एस. बद्रीनाथ आणि कर्नाटकाचा गणेश सतीश विदर्भाकडे आले. पुढच्याच हंगामात मुंबईचा वसीम जाफर आला. 2023-24 मध्ये दिल्लीचा ध्रुव शोरे आणि कर्नाटकाने संघाबाहेर ठेवलेला करुण नायर यांनी विदर्भाची वाट धरली. ही पाचही नावे फलंदाजांची आहेत. 2017-18 मध्ये आलेला लेगस्पिनर कर्ण शर्मा हा अपवाद. पण अपवादाने दिशा बदलत नाही.

या दिशेचे कारण रणजीच्या गुणपद्धतीत आहे. साखळी सामन्यात निर्णायक विजयाला 6 गुण मिळतात, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास 7. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास 3 आणि दुसऱ्यास 1. बाद फेरीत तर पहिल्या डावाची आघाडीच अनिर्णित सामन्याचा विजेता ठरविते. साहजिकच पहिल्या डावात दीड-दोन दिवस खेळपट्टीवर उभा राहणारा फलंदाज हा या स्पर्धेतील सर्वांत मोलाचा माल होय. 3 बाद 30 वरून डाव सावरणे ही कला वीस वर्षांच्या मुलाकडून गृहीत धरता येत नाही. ती ज्याला येते त्याला त्याची मूळ संघटना सहसा सोडीत नाही. म्हणून अशी माणसे मिळतात ती कारकिर्दीच्या उतारावर तरी, नाहीतर घरच्यांनी दार लावल्यावर तरी. जाफर पहिल्या प्रकारचा, नायर दुसऱ्या.

याउलट गोलंदाजी विदर्भाने घरीच घडविली. 2017-18 मध्ये प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फजल यांच्या काळात विदर्भाने पहिला करंडक जिंकला. त्या यशाचे शिल्पकार शोधू गेल्यास प्रथम रजनीश गुरबानीचे नाव घ्यावे लागते. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध विदर्भ अवघ्या 5 धावांनी जिंकला, त्यात गुरबानीचे 12 बळी होते. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्यापूर्वी केवळ तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने 1972-73 मध्ये केला होता. याच सामन्यात यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133 धावा केल्या. पुढील हंगामात नागपूरला सौराष्ट्राचा 78 धावांनी पराभव झाला, तेव्हा डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटेने सामन्यात 11 बळी मिळविले. त्या हंगामात जाफरच्या धावा होत्या 1037. पाहुण्याने धावा द्याव्यात आणि घरच्यांनी बळी घ्यावेत, अशी ही श्रमविभागणी होती.

येथे 'बाहेरचा नको' म्हणणाऱ्या पक्षाच्या आक्षेपाला सर्वाधिक वजन येते. जाफर तीन-चार वर्षे एक जागा अडवून बसला, तर त्या वर्षांत विदर्भातील कोणता फलंदाज घडायचा राहून गेला ? हा प्रश्न रास्त आहे, आणि जो खेळलाच नाही त्याच्या धावा कोणत्याही धावफलकावर सापडत नसल्याने त्याचे निर्णायक उत्तर देता येत नाही. पण उलट दिशेचा पुरावा आहे. जाफरसोबत एकाच संघात सुरुवात केलेला वाडकर पुढे विदर्भाचा कर्णधार झाला. 2020 मध्ये जाफर निवृत्त झाला, पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि 2021-22 चा करंडक मध्य प्रदेशाने जिंकला. संघ बांधणारा माणूसही पाहुणाच असू शकतो, याची आठवण नाक्यावरच्या चर्चेत क्वचितच होते. तिचा सारा रोख अकरा जणांवर असतो.

जामठ्याचा अंतिम सामना, 2025 :

मार्च 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईकडून 169 धावांनी हरलेला विदर्भ पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरीत आला. 26 फेब्रुवारी ते 2 मार्च 2025 या काळात नागपूर-वर्धा मार्गावरील जामठ्याच्या मैदानात केरळविरुद्ध झालेला हा सामना म्हणजे या संपूर्ण वादाचा जणू प्रयोगशाळेतील नमुना ठरावा.

विदर्भाची अवस्था 3 बाद 24 अशी झाली असताना करुण नायर हा पाहुणा आणि पहिलाच रणजी हंगाम खेळणारा दानिश मालेवार हा घरचा मुलगा एकत्र आले. दोघांनी चौथ्या गड्यासाठी 215 धावा जोडल्या. नायर 86 वर धावबाद झाला. मालेवारने 153 केल्या. विदर्भ 379. उत्तरादाखल केरळ 342 वर आटोपला. 37 धावांच्या या आघाडीवरच पुढे करंडक ठरला. दुसऱ्या डावात नायरने 135 धावा करून सामना केरळच्या हातून काढून घेतला. पाहुण्याने घरच्याची जागा घेतली की घरच्याला समोरच्या टोकाला उभे राहून शिकण्याची संधी दिली, या प्रश्नाचे उत्तर 215 धावांच्या त्या भागीदारीत ज्याचे त्याने शोधावे. लेखातील प्रतिपादन इतकेच की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. फरक पडतो तो पाहुणा कोणत्या क्रमांकावर आणि किती काळासाठी आणला यामुळे.

दुसरा तपशील अधिक बोलका आहे. केरळच्या पहिल्या डावात 79 धावा करून विदर्भाला घाम फोडणारा फलंदाज होता आदित्य सरवटे. 2019 च्या विजयाचा तोच नायक, जो त्या हंगामात केरळचा पाहुणा म्हणून आला होता. ज्या नियमाने नायर नागपूरला आला, त्याच नियमाने सरवटे नागपूरविरुद्ध खेळला. आपल्याकडे येणारा तेवढा 'अनुभवी' आणि आपल्याकडून जाणारा 'निष्ठा नसलेला', ही भाषा या सामन्यानंतर तरी जरा जपून वापरली जायला हवी. शिवाय सरवटेचे जाणे विदर्भाला परवडले, कारण हर्ष दुबे तयार होता. डावखुऱ्या फिरकीच्याच या वारसदाराने त्या हंगामात 69 बळी घेऊन एका रणजी हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. जिथे घरची रांग लांब आहे, तिथे जाणाऱ्याला अडवू नये आणि बाहेरच्याला आणूही नये; एवढे तारतम्य निवडीत दिसले.

नायरनंतरची जागा आणि जिल्ह्यांचा प्रश्न :

2025 च्या उन्हाळ्यात नायर भारतीय कसोटी संघात परतला आणि देशांतर्गत हंगामासाठी कर्नाटकाकडे परत गेला. यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. नायर गेला म्हणजे आता पुन्हा मोठे नाव शोधणे आले, असा सूर उमटणे स्वाभाविक होते. मात्र आकडे काहीसे वेगळे सांगत होते. 2024-25 च्या हंगामात रणजीत सर्वाधिक म्हणजे 960 धावा करणारा यश राठोड विदर्भाचाच. सप्टेंबर 2025 मध्ये दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य विभागाकडून त्याने 194 धावा केल्या. त्याआधी त्याच स्पर्धेत मालेवारने द्विशतक झळकावले होते. ऑक्टोबरमधील इराणी करंडकात अथर्व तायडेच्या 143 आणि राठोडच्या 91 धावांच्या बळावर विदर्भाने शेष भारताला 93 धावांनी हरविले. जागा रिकामी झाली होती खरी, पण ती भरणारे घरात होते.

तथापि 'घर' या शब्दाची व्याप्ती तपासली पाहिजे, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे. विदर्भाच्या आठ 'स्थानिक' जागा कागदोपत्री अकरा जिल्ह्यांच्या असल्या तरी मोठी मैदाने आणि वरिष्ठ प्रशिक्षण नागपूरभोवती एकवटलेले आहे. नालवाडीतील एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाच्या वाटेत बंगळूरचा फलंदाज येण्याच्या कितीतरी आधी नागपूरपर्यंतचे सुमारे 75 किलोमीटर येतात : रोजचा प्रवास, बुडणारी शाळा, किटचा खर्च आणि टर्फऐवजी मॅटिंगवर घडलेली सवय. पाहुण्यांची संख्या तीनवरून शून्यावर आणली तरी या अंतरात एका मैलाचीही घट होत नाही. वादाचा सारा जोर मात्र त्या तीन जागांवरच खर्च होतो.

हे अंतर कापता येते, याचे उदाहरण वर्ध्यात जन्मलेला वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडे याचे आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध त्याने चार चेंडूंत चार बळी घेतले. जामठ्याच्या अंतिम सामन्यात केरळचा पहिला डाव 342 वर रोखला गेला, त्यात दुबे आणि पार्थ रेखडे यांच्याप्रमाणेच त्याचेही 3 बळी होते.