गामविक : युरोपच्या उत्तर टोकावरील कोळीवस्त्या

नॉर्वेच्या फिनमार्क प्रांतात, ७१ उत्तर अक्षांशाच्या आसपास, नॉर्डकिन हे द्वीपकल्प बॅरेन्ट्स समुद्रात शिरलेले आहे. सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीची एक चिंचोळी पट्टी त्यास मुख्य भूमीशी जोडते. याच्या पूर्व भागात व लगतच्या प्रदेशात गामविक नगरपालिका पसरली आहे. युरोपच्या मुख्य भूमीचे अगदी उत्तरेचे टोक, किनारोडेन, याच द्वीपकल्पावर आहे. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र हजाराच्या आसपास.

मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथे सूर्य मावळत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत तो उगवत नाही. भूमी खडकाळ व जवळजवळ वृक्षहीन असल्याने शेती पिकत नाही. तरीही अटलांटिक महासागरातून येणाऱ्या उष्ण प्रवाहामुळे समुद्र गोठत नाही व बंदरे हिवाळ्यातही खुली राहतात. म्हणूनच मेहामन हे मुख्य गाव आणि गामविक, शोनेस यांसारख्या लहान वस्त्या पाण्याच्या कडेलाच वसल्या आहेत.

वसंत ऋतूत कॅपेलिन नावाची लहान मासळी अंडी घालण्यासाठी किनाऱ्याजवळ येते. तिच्या मागोमाग तिला खाणारे कॉड मासे येतात, आणि त्यांवरच कोळ्यांची उपजीविका चालते. देवमासे ही मासळी किनाऱ्याकडे हाकतात, अशी कोळ्यांची समजूत होती. देवमासे केवळ भक्ष्याच्या मागे येतात, असे प्राणिशास्त्रज्ञ सांगत. परंतु मासळी येईनाशी झाली, तेव्हा देवमाशांच्या शिकारीवर रोष ओढवला. जून १९०३ मध्ये संतप्त कोळ्यांनी मेहामन येथील देवमाशांचा कारखाना उद्ध्वस्त केला. शासनाने सैन्य धाडले. पण १९०४ साली उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर या शिकारीस दहा वर्षे बंदीही घातली.

याहून मोठे संकट १९४४ च्या शरद ऋतूत आले. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने रहिवाशांना हुसकावून फिनमार्कमधील गावे जाळली. गामविकच्या वस्त्या राख झाल्या. १९०५ साली उभारलेले स्लेटनेसचे दीपगृहही नष्ट करण्यात आले. युद्धानंतर आरंभी परतण्यास मनाई असतानाही अनेक लोक फिनमार्ककडे परतू लागले. त्यांनी घरे पुन्हा बांधली, आणि १९४८ साली स्लेटनेसचा दिवा पुन्हा लागला. घरे जळाली होती, पण खुले बंदर व समोरचा मत्स्यसंपन्न समुद्र जागच्या जागी होता. वस्ती ज्या कारणाने प्रथम झाली, त्याच कारणाने ती दुसऱ्यांदा झाली.