दगडाच्या जिवावर जगणारा मळ्या

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ज्या ओढ्यात माणसाचा पाय ठरत नाही, तिथे बोटभर मळ्या मासा खडकाला चिकटून निवांत शेवाळ खरवडत असतो. याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. दख्खनच्या माशांची नोंद करणाऱ्या साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचं नावच त्याला दिलं.

मळ्याला उलटा करून पाहिलं की खालच्या ओठामागे एक वाटोळी चकती दिसते. मधोमध गुळगुळीत गादी आणि भोवती बारीक उंचवट्यांची मांसल झालर. ही चकती खडकावर टेकली की घट्ट बसते. पण सगळी भिस्त तिच्यावर नाही. पोट सपाट असतं, पुढचे पर आडवे पसरलेले असतात. शिवाय खडकालगतच्या पाण्याचा पातळ थर घर्षणाने मंदावलेला असतो. अंग चपटं असल्याने मळ्याला त्याचा आसरा मिळतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९२१ मध्ये गारा प्रजातीतल्या भारतीय माशांचा सविस्तर आढावा घेतला आणि पुढे वेगवान प्रवाहातल्या प्राण्यांच्या शरीररचनेचा कित्येक वर्षं अभ्यास केला.

दगडावर उन्हाच्या जोरावर वाढणारं शैवाल हे मळ्याचं मुख्य अन्न. ते सावकाश पचतं, म्हणून त्याचं आतडं अंगाच्या कितीतरी पट लांब, घड्याळाच्या कमानीसारखं गुंडाळलेलं असतं.

म्हणूनच मळ्याचा ओढा पारखताना आधी दगड पाहायला हवा. वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर कापला की माती ओढ्यात उतरते. चार दिवसांनी पाणी निवळतं, पण दगडांवर गाळाचा थर राहतो. त्याखाली शैवालाला ऊन मिळत नाही आणि चकतीला घट्ट बसायला स्वच्छ पृष्ठभाग उरत नाही. बांधकामासाठी गोटे उचलून नेले, तर तळात उरते ती नुसती रेती. बंधाऱ्यामागे पाणी तुंबलं की तिथेही गाळ साचतो आणि तिलापियासारखे बाहेरून आणलेले, संथ पाण्यात रमणारे मासे फोफावतात. अशा ठिकाणी पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवून भागत नाही. मे महिन्यात डोह आटत आले की तळातले चार दगड उचलून त्यांच्यावर बोट फिरवायला हवं.