दोन कार्डांचा डबा

यवतमाळच्या आमच्या सायबर कॅफेत दहा संगणक होते आणि कोपऱ्यात स्टुलावर अकरावा, उघड्या पोटाचा डबा. त्याला मॉनिटर नव्हता. गिऱ्हाइकांना तो बिघडलेला वाटायचा. दहाही जणांचं इंटरनेट मात्र त्याच्यातूनच जायचं.

सुरुवात विंडोज ९८च्या सेकंड एडिशनने झाली. १९९९ साली आलेल्या त्या आवृत्तीत एक कनेक्शन सगळ्यांत वाटायची सोय आयतीच होती. डायल-अप मोडेम, एक लॅन कार्ड, की झालं काम. दुसरं कार्ड लागलं ते ब्रॉडबँडमुळे. बीएसएनएलने ते जानेवारी २००५मध्ये सुरू केलं. आमच्याकडे आलं तेव्हा नवा मोडेमही लॅनच्याच वायरीने जोडला. म्हणजे एक कार्ड बाहेरचं, एक आतलं.

दोन्ही रिअलटेकची, जुळ्या भावांसारखी. तोवर डब्यात विंडोजच्या जागी लिनक्स आलं होतं. त्याच्यासाठी एक ईटीएच-झिरो, दुसरं ईटीएच-वन. मागून बघणाऱ्याला मात्र काही कळत नसे. पहिल्या रात्री वायरी उलट्या लावून मी दोन तास आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे, नियम तपासत बसलो. सकाळी बहिणीचं नेलपॉलिश आणलं आणि बाहेरच्या कार्डावर लाल ठिपका दिला. पुढची चूक जास्त बेरकी. मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि आतल्या संगणकांनाही मी तीच मालिका दिलेली. दोन्ही दारांबाहेरच्या गल्लीचं नाव एकच असेल तर पोस्टमनने कुठल्या दाराने निघावं? आतल्या गल्लीचं नाव बदललं आणि नेट धावलं.

मोडेमलाच हे काम सांगता आलं असतं, पण आम्हाला स्क्विड हा प्रॉक्सी हवा होता. २५६ केबीपीएस दहा जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम तीन केबी. निकालाच्या दिवशी त्याच पानाची तीच चित्रं दहा वेळा कशाला मागवायची? स्क्विड एकदा आणायचा आणि पुढच्या नऊ जणांना हार्ड डिस्कवरून वाढायचा. मोठे डाउनलोड रात्री दोन ते आठ. तेव्हा काही प्लॅनमध्ये त्या वेळेचा हिशेबच धरत नसत.

खरा शत्रू लोडशेडिंग. लाइन आली की डबा आपोआप सुरू व्हायचा, पण नेट नाहीच. "भाऊ, नेट चालून नाही राह्यलं!" मॉनिटर लावून पाहिलं, तर पडद्यावर मजकूर: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. नसलेल्या कीबोर्डवरचं बटण! बायोसमध्ये ही अडवणूक बंद करता येते हे कळेपर्यंत महिनाभर एक तुटका कीबोर्ड त्याला लटकवून ठेवला होता. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की समोर टेबलफॅन.

२०११च्या सायबर कॅफे नियमांनी प्रॉक्सीच्या नोंदी वर्षभर जपायला सांगितल्या. आमचा डबा त्या आधीपासूनच लिहीत होता. त्याचं तेवढं एकच काम सरकारच्या कामी आलं असतं. पण तोवर गिऱ्हाइकच पातळ झालं होतं, आणि २०१६च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर उरलेलं मोबाइलवर गेलं. दुकानात आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म.

डबा साधारण साठ वॉट खायचा, म्हणजे महिन्याला त्रेचाळीस युनिट. त्याच्या जागी आलेला राउटर तळहाताएवढा, दोन अँटेनांचा. बाहेरची वायर लावायचं भोक त्याला कंपनीनेच वेगळ्या रंगाचं दिलंय.