बंद पडलेल्या पीएचएलची सगळ्यात भारी टीम कोणती?

भाग लिहून काढताना बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'काय होतं ना' तेवढे गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आमच्या घरातलं एक जुनं भांडण आहे. एका बाजूला देगलूरचे माझे मामा, दुसऱ्या बाजूला मी. भांडण कशावर? प्रीमियर हॉकी लीगवर. 2005 ला सुरू झाली आणि 2008 ला संपली. चार हंगाम, बस. आजच्या पोरांना वाटतं की शहराच्या नावाच्या टीम, परदेशी खेळाडू आणि टीव्हीसाठी आखलेल्या मॅचेस हे सगळं आयपीएलनं आणलं. तसं नाहीये. हॉकीनं ते तीन वर्षं आधी करून पाहिलं होतं. 70 मिनिटांची मॅच दोनऐवजी चार भागांत खेळवली, साडेसतरा मिनिटांचा एक भाग. तेव्हा जुने लोक म्हणाले, हा काय पोरखेळ. पुढे 2014 ला आंतरराष्ट्रीय हॉकीनंही चार भाग घेतले, फक्त पंधरा मिनिटांचे.

आधी एक स्पष्ट करतो. बाकीच्या लीग का घेत नाही? हॉकी इंडिया लीग 2013 ते 2017 चालली, मग थांबली, पण 2024 च्या डिसेंबरात परत सुरू झाली. ती मेलेलीच नाही. वर्ल्ड सिरीज हॉकी मेली, पण तिचा हंगामच एक, 2012 चा. फायनलला शेर-ए-पंजाबनं आपल्या पुणे स्ट्रायकर्सला 5-2 हरवलं. एकाच हंगामात सगळ्यात भारी कोण, हा वाद घालायचा तरी कसा? जिंकला तो भारी, विषय संपला. पीएचएलमध्ये मात्र चार हंगामांत तीन वेगवेगळ्या शहरा-राज्यांच्या टीम जिंकल्या, म्हणून भांडायला जागा आहे.

2005 हैदराबाद सुलतान्स. 2006 बंगळूर लायन्स. 2007 ओरिसा स्टीलर्स. 2008 परत बंगळूर, तोपर्यंत नाव बदलून हाय-फ्लायर्स झालेलं.

आणि आपली मराठा वॉरियर्स? एकदाही नाही.

आता देगलूरची अडचण सांगतो, ती कळल्याशिवाय हे भांडण कळणार नाही. देगलूर नांदेड जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पण मदनूर आलं की पलीकडचं राज्य, तेव्हाचं आंध्र, आताचं तेलंगणा. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचाच. मोठा दवाखाना म्हटला की आजही लोक हैदराबादची गाडी पकडतात. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा, धनराज पिल्लेचे केस उडताना पाहून वॉरियर्सचा झालो. मामा सुलतान्सचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "अरे, दवाखाना हैदराबादचा, लग्नाचा बस्ता हैदराबादचा, आन् टीम काऊन तिकडची?"

याला काय उत्तर देणार! पण आपली टीम कोणती आणि भारी टीम कोणती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मामा त्या दोन्हींना एकच उत्तर देतात.

सुलतान्सची बाजू आधी घेऊ, कारण ती मजबूत आहे. त्यांच्याकडे पाकिस्तानचा सोहेल अब्बास होता. या माणसानं ऑक्टोबर 2004 मध्ये अमृतसरला, भारताविरुद्धच, आंतरराष्ट्रीय हॉकीत सगळ्यात जास्त गोलांचा विक्रम मोडला होता. पॉल लिटियन्सचे 267 मागे टाकले. त्यानंतर तीन महिन्यांत तो गच्चीबावलीत हैदराबादच्या जर्सीत उभा. कारकीर्द संपली तेव्हा त्याचे 348 गोल होते.

एक बचावपटू एवढे गोल कसे करतो, हे जरा समजून घ्या. पेनल्टी कॉर्नरला बॉल गोललाइनवरून आत ढकलतात, एक जण तो डीच्या बाहेर थांबवतो आणि मग पहिला फटका. हा फटका स्टिक मागे घेऊन मारला तर गोललाइन ओलांडताना बॉल गोलच्या तळाच्या फळीपेक्षा, म्हणजे 460 मिलीमीटरपेक्षा, वर जाता कामा नये. गुडघ्याएवढी उंची समजा. पण बॉल स्टिकवर घेऊन ओढत नेला आणि भिरकावला तर उंचीचं बंधन नाही. तो वरच्या कोपऱ्यात गेला तरी गोल. हाच ड्रॅग फ्लिक. म्हणजे साध्या हिटला गोलकीपरनं फक्त खालची पट्टी सांभाळायची, आणि ड्रॅग फ्लिकरसमोर अख्खी जाळी. अशा खेळात जगातला सगळ्यात मोठा फ्लिकर तुमच्याकडे असेल तर फॉरवर्डनं गोल करायचीही गरज नाही. डीमध्ये कुणाच्या तरी पायाला बॉल लावा, कॉर्नर मिळवा, पुढचं सोहेल बघेल. आणि मागे बचावाला दिलीप तिर्की, 400 च्या वर आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला, आज हॉकी इंडियाचा अध्यक्ष.

मग माझा आक्षेप काय? पहिला हंगाम हैदराबादलाच झाला, गच्चीबावलीत. बाकीच्या टीम पाहुण्या आणि सुलतान्स घरात. महिनाभर तेच टर्फ, तेच प्रेक्षक. माझ्या धंद्यात, सॉफ्टवेअरमध्ये, असा प्रोग्राम आम्ही पास धरत नाही. ज्यानं लिहिला त्याच्याच लॅपटॉपवर चालला, दुसऱ्याच्या मशीनवर चालवून बघा म्हणतो. सुलतान्सना त्यानंतर तीन हंगाम मिळाले, ते पुन्हा जिंकले नाहीत.

हे मी मामांना ऐकवलं तर ते म्हणाले, "घरच्या मैदानावर हारनारे कमी हायेत का? ब्याऐंशी आठव." 1982 चं दिल्ली एशियाड. फायनल, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि पाकिस्तानकडून 1-7. मुद्दा बिनतोड आहे, मी तेव्हा गप्प बसलो.

ओरिसा स्टीलर्सबद्दल थोडक्यात. एक विजेतेपद, पण तिर्कीचं गाव सुंदरगढ जिल्ह्यातलं, म्हणजे हैदराबादला जिंकून देणारा माणूस आता आपल्या मातीच्या टीमचा कॅप्टन होऊन जिंकला. पुढे ओडिशा सरकार 2018 पासून भारतीय संघांचं प्रायोजक झालं, 2018 आणि 2023 चे दोन्ही पुरुष विश्वचषक तिथे झाले. कुणी म्हणालं की परिणाम बघून ठरवा, तर स्टीलर्सचा नंबर वर जाईल. पण त्याचं श्रेय एका टीमला देणं मला ओढूनताणून वाटतं.

माझं मत बंगळूर. दोन विजेतेपदं मिळवणारी एकमेव टीम, हे तर आहेच. पण 2006 ला जिंकली, 2007 ला हरली आणि 2008 ला परत जिंकली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकदा जिंकायला एक सोहेल पुरतो. दोन वर्षांनी परत जिंकायचं तर मागे खेळाडूंचा पुरवठा लागतो, आणि तो बंगळूरकडे होता, त्याचं नाव कोडगू, आपण कुर्ग म्हणतो ते. टीमचा चेहरा अर्जुन हालप्पा तिथला, ड्रॅग फ्लिकर लेन अय्यप्पा तिथला. त्यांच्या आधी 1975 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले गोविंदा तिथले, 1980 च्या मॉस्को सुवर्णपदक संघातले सोमय्या तिथलेच. या छोट्याशा डोंगरी जिल्ह्यात 1997 पासून कोडवा घराण्यांची हॉकी स्पर्धा भरते. एका आडनावाची एक टीम, आजोबा, सून, नातू सगळे एकत्र. पहिल्या वर्षी 60 घराणी उतरली, पुढे तो आकडा 300 च्या वर गेला. आपल्याकडे भावकी एकत्र येते ती जमिनीच्या वाटणीला, तिथे हॉकीला येते.

आता वॉरियर्स. यावर बोलताना मला अजून त्रास होतो. धनराज खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, 1998 च्या बँकॉक एशियाडचं सुवर्ण त्याच्या कप्तानीत. सोबत मुंबईचा विरेन रास्किन्हा. नाव मराठा, कॅप्टन धनराज, आम्हाला वाटायचं यंदा नक्की. पण लीग सुरू झाली तेव्हा धनराज 36 वर्षांचा होता, अथेन्सचं शेवटचं ऑलिंपिक उरकून आलेला. आणि मागे बघितलं तर राज्यातली हॉकी काही ठिपक्यांत. खडकी, मुंबईतल्या काही वस्त्या, रेल्वे-पोलीस-बँकांच्या टीम. मुंबईत आगाखान स्पर्धा 1896 पासूनची, म्हणजे परंपरा नव्हती असं नाही. पण ती परंपरा देगलूरपर्यंत पोहोचलीच नाही. आमच्या गल्लीत एकाकडेही हॉकी स्टिक नव्हती. टीव्हीवर धनराज बघायचा आणि बाभळीचं लाकूड घेऊन टेनिस बॉल ढकलायचा, हीच आमची हॉकी.

नांदेडला मात्र खरी हॉकी आहे. खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरु गोविंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप भरतो, देशभरातून टीम येतात. आयुष्यातली पहिली प्रत्यक्ष मॅच मी तिथेच पाहिली, मामांच्या गाडीवर मागे बसून गेलो होतो. टीव्हीवर बॉलचा आवाज येत नाही हो, तिथे फळीवर बसलेला ठक्क आवाज छातीत जाणवला.

लीग का संपली तेही सांगतो. मार्च 2008 मध्ये चिलीत ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या फायनलला भारत ब्रिटनकडून 0-2 हरला. 1928 नंतर पहिल्यांदाच ऑलिंपिकला भारताची हॉकी टीम नाही. 18 एप्रिलला आयपीएल सुरू झाली. 28 एप्रिलला भारतीय ऑलिंपिक संघटनेनं हॉकी फेडरेशनच निलंबित केलं, संघनिवडीसाठी पैसे घेतल्याच्या स्टिंगनंतर. ज्या फेडरेशनची लीग तेच राहिलं नाही, मग पाचवा हंगाम कोण घेणार? टीम हरून बंद पडल्या नाहीत, त्यांच्या डोक्यावरचं छप्परच गेलं. म्हणून बंगळूर शेवटचा विजेता म्हणून तसाच राहिला, त्याला कुणी हरवलंच नाही. हा मुद्दा मी मागच्या दिवाळीला मामांसमोर ठेवला.

ते म्हणाले, "मंजे खेळायला कोनी आलंच न्हाई म्हनून जिंकले." आणि परत ब्याऐंशीवर गेले.