रक्षकच फुफ्फुसांवर उलटतात तेव्हा...

मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे किंवा पायाच्या चिघळलेल्या जखमेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला दोन-तीन दिवसांतच धाप लागते, रक्तातील प्राणवायू घटतो आणि व्हेंटिलेटर लावण्याची वेळ येते. 'दुखणे पायाचे, मग फुफ्फुसे कशी निकामी झाली?' हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक असतो. त्याचे उत्तर जंतूंमध्ये जितके आहे, तितकेच रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींमध्ये दडलेले आहे.

संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळतंत्र सोडून स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतो, त्या अवस्थेला 'सेप्सिस' म्हणतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते.

अरुंद वाटेवरची कोंडी

प्रौढ व्यक्तीच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी साधारणतः निम्म्याहून अधिक पेशी 'न्यूट्रोफिल' प्रकारच्या असतात. जंतूंवर सर्वप्रथम तुटून पडणारी हीच फौज. फुफ्फुसांतील अनेक केशवाहिन्या या पेशींपेक्षाही अरुंद असतात. परंतु न्यूट्रोफिल लवचीक असल्याने आकार बदलून त्यातून सहज निसटतात. सेप्सिसमध्ये जंतूंचे घटक आणि दाह वाढविणारी रसायने रक्तात पसरतात. त्यांच्यामुळे चेतावलेले न्यूट्रोफिल ताठर बनतात, वाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात आणि तेथेच अडकतात. शरीरातील जवळजवळ सारे रक्त फुफ्फुसांतून फिरत असल्याने ही कोंडी तेथे सर्वाधिक जाणवते.

शस्त्रे तीच, लक्ष्य चुकीचे

जंतूंना मारण्यासाठी न्यूट्रोफिलकडे इलास्टेजसारखी प्रथिने विरघळविणारी विकरे आणि प्राणवायूपासून बनलेली दाहक रसायने असतात. अडकलेल्या पेशी हीच शस्त्रे फुफ्फुसांच्या नाजूक ऊतींवर सोडतात. वायुकोश आणि केशवाहिनी यांच्यामधील पडदा बहुतांश ठिकाणी एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तो झिरपू लागला, की प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत भरतो आणि प्राणवायूची वाट अडते. हीच 'एआरडीएस', म्हणजे तीव्र श्वसनरोध अवस्था. तिचे वर्णन १९६७ साली १२ रुग्णांच्या नोंदींवरून प्रथम करण्यात आले.

२००४ साली बर्लिनमधील संशोधकांनी न्यूट्रोफिलचे आणखी एक शस्त्र उजेडात आणले. या पेशी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे विणतात व त्यात जंतूंना पकडतात. मात्र या जाळ्यातील हिस्टोन प्रथिने वाहिन्यांच्या अस्तरालाही घातक ठरतात आणि जाळ्यांभोवती सूक्ष्म गुठळ्या जमतात. एरवी अल्पायुषी असलेले न्यूट्रोफिल सेप्सिसमध्ये अधिक काळ जगतात, त्यामुळे नुकसान लांबते.

मग या पेशींनाच का रोखू नये?

हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही. न्यूट्रोफिल निःशस्त्र केले, तर मूळ संसर्गाला मोकळे रान मिळते. शिवाय न्यूट्रोफिल अत्यंत कमी असलेल्या रुग्णांनाही एआरडीएस होतो. म्हणजे दोष केवळ त्यांचाच नसतो. इलास्टेजला अटकाव करणाऱ्या सिव्हेलेस्टॅट या औषधाच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही.

खरा लाभ झाला तो फुफ्फुसांना जपण्याच्या पद्धतीने. अमेरिकेतील ८६१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. व्हेंटिलेटरने प्रत्येक श्वासात अपेक्षित वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यास मृत्यूंचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आल्याचे त्यात दिसले. आजही उपचारांचा पाया तोच आहे.

पेशींचा हा उद्रेक शमविणारे खात्रीचे औषध हाती नसल्याने वेळ हेच सर्वांत मोठे शस्त्र ठरते. संसर्ग झालेल्या व्यक्तीला धाप लागणे, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास 'सकाळी पाहू' म्हणून थांबू नये; तातडीने रुग्णालय गाठावे. योग्य प्रतिजैविके जितक्या लवकर सुरू होतील, तितकी रक्षकांवर भक्षक होण्याची वेळ टळण्याची शक्यता अधिक.